हातच्या कांकणाला आरसा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



 कार्यवाहबाईंचे पत्र आले तेव्हा कोणत्या विषयावर बोलावे, असा मला प्रश्न पडला होता. तो त्यांनीच सोडवला. त्यांनी लिहिले होते की, "आमच्यापैकी पुष्कळजणींच्या मुली-सुना हल्ली परदेशी जाण्याच्या विचारात असतात. आपले शिक्षण आणि अनुभव तेथे मान्य करून घेण्यासाठी काय काय करावे लागते, हे स्वतःच्या अनुभवावरून सांगा." विषय कागदपत्रांचा, म्हणजे थोडा रुक्षच. परंतु त्यात आपणा बायकांच्या जिव्हाळ्याचे बरेच काही आहे, असे मला वाटते. म्हणून तो आनंदाने घेतला.

आधी माझ्या व्यवसायाबद्दल दोन शब्द सांगते. मी संवर्धक आहे. गावात आले की कोणी मला झाडे लावणारी समजते, तर कोणी जुनी चित्रे पुन्हा रंगवून देणारी. ही दोन्ही कामे चांगली आहेत, पण माझे काम वेगळे. जुना कागद, चित्र, वस्त्र, लाकूड, धातू या सर्वांना माणसासारखेच वय असते. ओल, ऊन, धूळ आणि कसर त्यांना पोखरत असतात. ही झीज थोपवायची, जेथे फाटले तेथे सांधायचे, आणि तेही असे की उद्या कोणाला अधिक चांगली रीत सापडली तर माझा सांधा मूळ वस्तूला धक्का न लावता उकलता यावा. फिकटलेला रंग नवा करून देणे आमच्या शास्त्रात बसत नाही. माझी शाखा कागदाची. पोथ्या, नकाशे, पत्रे, दप्तरातले कागद.

फलटणच्या मुलीला हे वेड कोठून लागले, असे तिकडे मला विचारतात. आपले गाव महानुभावांची दक्षिणकाशी. त्या पंथाच्या पोथ्या सकळी, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या असतात, हे आपणांस ठाऊक आहेच. लाल बासन सोडून पोथीचे एकेक पान दोन्ही हातांनी उलटणारी वडील माणसे मी लहानपणी पाहिली. काजळाची शाई शेकडो वर्षे काळीभोर राहते आणि पाण्याचा एक थेंब पडला तर ओघळते, हे मला रसायनशास्त्राच्या वर्गात बसण्याआधीच समजले होते. पुढे येथल्या मुधोजी महाविद्यालयात बी. एस्‌सी. झाले, दिल्लीस राष्ट्रीय संग्रहालयाशी जोडलेल्या संस्थेत संवर्धन विषयात एम. ए. केले, काही वर्षे आपल्याच देशात काम केले आणि लग्नानंतर ऑस्ट्रेलियात गेले.

आपल्याकडे एक म्हण आहे : हातच्या कांकणाला आरसा कशाला? जे उघड दिसते, त्याला वेगळा पुरावा नको, असा तिचा अर्थ. आपल्या गावात ही म्हण खरी ठरते. अमक्या बाईंचा हात शिवणात चांगला आहे, हे शेजारणीच्या अंगावरचे पोलके पाहून कळते. परंतु सात समुद्रांपलीकडच्या कचेरीत बसलेल्या माणसाला ना आपला हात दिसतो, ना कांकण. त्याला फक्त आरसा दिसतो. तो आरसा म्हणजे कागद. आज मला सांगायचे आहे ते या आरशाबद्दल.

परदेशी जाणाऱ्या मुलींचा पहिला घोटाळा होतो तो असा की, मान्यता ही एकच गोष्ट आहे, असे त्या समजतात. वास्तविक दारे तीन असतात. पहिले दार सरकारचे : तुमच्या व्यवसायाच्या आधारावर देशात राहू द्यायचे की नाही, हे ते ठरवते. दुसरे दार त्या व्यवसायातल्या जाणत्यांच्या संस्थेचे : त्या आपल्या पंक्तीला बसवतात की नाही, हा प्रश्न. तिसरे दार काम देणाऱ्याचे. एका दारावरची चिठ्ठी दुसऱ्या दारावर आपोआप चालत नाही, आणि प्रत्येक देशात या दारांचा क्रमही निराळा.

ऑस्ट्रेलियात संवर्धक हा एक स्वतंत्र व्यवसाय म्हणून सरकारी वर्गीकरणात नोंदलेला आहे, आणि त्याची कौशल्य-तपासणी व्हेटअसेस नावाची संस्था करते. तिच्याकडे आपण स्वतः जायचे नसते, आपले कागद जातात. पारपत्र, पदवीची प्रमाणपत्रे, प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका, आणि नोकरीची पत्रे. पदवी आपल्या कामाशी जुळणारी आहे का आणि त्यानंतर केलेले काम त्याच दर्जाचे आहे का, अशा दोन बाजूंनी ती पाहते. काम पगारी हवे, आठवड्याला किमान २० तासांचे हवे, आणि ते अलीकडच्या काळातले हवे. निकाल अनुकूल आला तरी तो व्हिसा नव्हे. व्हिसाच्या अर्जाला जोडायचा तो एक कागद. त्याची मुदतही साधारण ३ वर्षांची असते. कोणत्या व्यवसायाला कोणत्या प्रकारचा व्हिसा मिळतो, ही यादी तेथील सरकार वेळोवेळी बदलते. म्हणून शेजारच्या मुलीला गेल्या खेपेस काय लागले, यावर विसंबू नये. अर्जाच्या दिवशीचा नियम त्या दिवशी वाचावा.

कॅनडाची रीत वेगळी. तेथील सरकारी यादीत संवर्धक आणि संग्रहालयाचे अभिरक्षक एकाच वर्गात घातलेले आहेत. बाहेरून येणाऱ्याच्या पदवीची तेथील पदवीशी तुलना करून घ्यावी लागते आणि तो दाखला ५ वर्षे चालतो. पण तो फक्त पदवीचा दाखला. तुमचा हात कसा आहे, याबद्दल त्यात एक अक्षर नसते. तो प्रश्न तेथील संवर्धकांच्या संघटनेपुढे वेगळा न्यावा लागतो. अमेरिकेत संवर्धकाला सरकारी परवाना असा नाहीच. तेथे १९७२ साली स्थापन झालेल्या संवर्धकांच्या संस्थेत समव्यावसायिकांच्या पारखीने वरचे सदस्यत्व मिळते, आणि काम देणारा आपल्या परीने पाहून घेतो.

दुसऱ्या दाराचे सर्वांत चांगले उदाहरण मला ब्रिटनचे वाटते. तेथे संवर्धकांच्या अनेक संघटना २००५ साली एकत्र येऊन आयकॉन ही संस्था झाली. तिच्या मान्यतेची मूळ पद्धत अशी की, उमेदवाराने आपल्या निवडक कामांची हकिकत लिहून द्यायची आणि मग जाणत्या संवर्धकांनी त्याच्या कामाच्या जागी येऊन ती कामे पाहायची, प्रश्न विचारायचे. काय केले, एवढ्यावर ते थांबत नाहीत. असेच का केले, दुसरा कोणता उपाय मनात आला होता, तो का सोडला, आणि काहीच न करता वस्तू तशीच ठेवावी असे का वाटले नाही, हेही विचारतात. आपल्याकडे नवी सून पुरणपोळी करू लागली की सासूबाई लाटण्याकडे नुसते पाहून पारख करतात. हे लोक पाहतातही आणि प्रत्येक गोष्टीचे कारणही विचारतात.

आता माझी हकिकत. देशात असताना मी दोन ठिकाणी काम केले होते. एक ठिकाण नीट पगारपत्रक ठेवणारे. दुसरे म्हणजे एका विश्वस्तमंडळाकडचा जुन्या कागदांचा खाजगी संग्रह. या दुसऱ्या ठिकाणी मी चार वर्षे खपले. कसरीने चाळण झालेली पाने, एकमेकांना चिकटून वीट झालेले गठ्ठे, कोणीतरी भलत्याच मायेने चिकटपट्ट्या लावून 'दुरुस्त' केलेली पत्रे. चिकटपट्टीचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग तो काढता काढता नाकी नऊ येतात. माझ्या आयुष्यातले सर्वांत अवघड आणि सर्वांत समाधानाचे काम ते. मोबदला मानधन म्हणून पाकिटातून हाती मिळे. मुलीच्या जातीला घराजवळ सन्मानाचे काम मिळाले आहे, पावत्या कसल्या मागायच्या, अशीच तेथील वडीलधाऱ्यांची समजूत होती.

तपासणीसाठी पत्र मागितले तेव्हा त्यांनी मोठ्या प्रेमाने लिहून दिले. त्याचा मजकूर मला अजून पाठ आहे : सदर भगिनी सुस्वभावी, मनमिळाऊ व सुसंस्कृत घराण्यातील असून त्यांनी आमच्याकडील ग्रंथांची झाडलोट व देखभाल अत्यंत प्रामाणिकपणे केली आहे. भगिनींनो, लग्न जुळवायला हे पत्र अप्रतिम होते. पण परदेशच्या तपासनिसाला सुस्वभावाचा रकाना नसतो. आणि झाडलोट? पानांवरची धूळ मऊ कुंचल्याने एकाच दिशेने काढणे, कोणत्या शाईला ओल सोसेल याची बारीक टोकाने चाचणी घेणे, कागदाची आम्लता मोजणे, तंतूंची दिशा पाहून त्याच दिशेच्या पातळ कागदाने सांधणे, हे सगळे त्या एका शब्दात बुडाले.

मी पुन्हा गेले. पत्र कसे हवे ते कागदावर मांडून नेले : हुद्दा काय, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, काम कोणते, पगार किती, सही करणाऱ्याचे नाव आणि संपर्क. विश्वस्त म्हणाले, "बाई, एवढे सगळे कशाला? आमची सही आहे ना?" दुसऱ्या खेपेस कामाची यादी त्यांनी मान्य केली, पण पाकिटातून दिलेल्या मानधनाचा हिशेब कोठेच नव्हता. बँकेत नोंद नाही, प्राप्तिकराच्या विवरणात नाही. शेवटी निकाल आला तो अनुकूल आला. परंतु पगारपत्रक असलेल्या नोकरीच्या जोरावर. त्या चार वर्षांच्या रकान्यात शून्य पडले.

तो कागद हाती घेऊन मी बराच वेळ बसले होते. परदेशच्या तपासनिसावर मी रागावू शकत नव्हते. त्याने मला पाहिले नव्हते आणि मी सांगितलेले सर्व खरे मानणे त्याला शक्य नव्हते. पण मला आपल्या घराघरांतल्या बायका आठवल्या. सासऱ्यांच्या दुकानाचा हिशेब वीस वर्षे लिहिणारी सून, पगाराची अपेक्षा न ठेवता बालवाडी चालवणारी, नवऱ्याच्या दवाखान्यात औषधे देणारी. या सर्वांच्या रकान्यात असेच शून्य आहे. फक्त ते मांडून दाखवण्याची वेळ त्यांच्यावर आलेली नाही. म्हणून माझे सांगणे असे की, मुलगी परदेशी जावो अगर न जावो, तिच्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असावी. नेमणुकीचे पत्र मागून घ्यावे. मोबदला थोडा असला तरी बँकेतून घ्यावा. मागताना जीभ अडखळते, हे मला ठाऊक आहे. तरी मागावे.

दुसरी अडचण खास आपली, बायकांची. नावाची! आपल्याकडे मुलीचे नाव म्हणजे तिचे, मग वडिलांचे, मग आडनाव. लग्न झाले की मधले बदलते, शेवटचे बदलते, आणि काही घरांत पहिलेही बदलते. पदवी एका नावाची, पारपत्र दुसऱ्या नावाचे, बँकेचे पुस्तक तिसऱ्याच स्पेलिंगचे. त्या दूरच्या माणसाला या तिघी वेगवेगळ्या बायका वाटल्या तर त्याचा काय दोष? यावर उपाय आहे. विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. ते मराठीत असेल तर अधिकृत भाषांतर करून घ्यावे. ज्यांनी नाव पूर्ण बदलले असेल त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्यावे. आणि ज्या मुली अजून लग्नाच्या आहेत त्यांनी नाव बदलायचे की नाही, हा निर्णय मांडवात उखाणा घेताना करू नये, आधी शांतपणे करावा.

काही देशांत आणि काही कामांसाठी आपल्या प्रमाणपत्रांवर 'अपॉस्टिल' नावाचा शिक्का लागतो. त्यासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ सालापासून आहे आणि तो शिक्का आपल्या परराष्ट्र मंत्रालयातर्फे मिळतो. सगळीकडे तो लागतोच असे नाही, तेव्हा विचारल्यावाचून खर्च करू नये. विद्यापीठाच्या गुणपत्रिकांच्या अधिकृत प्रती मात्र बहुतेक ठिकाणी लागतात. आमच्यासारख्यांना त्यासाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो. हे काम जाण्याच्या घाईत करण्यापेक्षा पदवी मिळाल्याबरोबर करून ठेवलेले बरे.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. अनुभवाचे पत्र 'तयार करून' देतो म्हणणारे लोक भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. तपासणारे लोक पत्रावरच्या क्रमांकावर चौकशी करतात, पगार आणि कर यांचा मेळ घालतात. ऑस्ट्रेलियात खोटा कागद सापडला तर अर्ज तर जातोच, शिवाय ३ वर्षांपर्यंत व्हिसा मिळण्यास बंदी येऊ शकते. तेथील परवानाधारक सल्लागारांना नोंदणी क्रमांक असतो. सल्ला घ्यायचाच असेल तर तो क्रमांक आधी विचारून पडताळून घ्यावा.

एवढे सगळे ऐकून आपल्याला वाटेल, केवढा हा कागदांचा पसारा! मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु तेथे कामाच्या मुलाखतीला गेले तेव्हा एक गोष्ट घडली, तिने माझे मत बदलले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारले, "कागद सांधायला तुम्ही कोणती खळ वापरता?" मी म्हटले, गव्हाच्या सत्त्वाची. "ती शिजली हे कशावरून ओळखता?" आता हा प्रश्न मला काय अवघड! आपण सगळ्या उन्हाळ्यात कुरडया करतो. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे, वाटून पिळून चोथा काढायचा, चीक खाली बसू द्यायचा, वरची निवळ ओतून टाकायची. तो चीक शिजवताना आधी पांढरा दिसतो, मग घोटता घोटता जड होतो आणि शेवटी काचेसारखी चमक येते. संवर्धकाची खळ म्हणजे थेट हीच वस्तू. गव्हातला चिवट, रबरासारखा भाग काढून टाकलेले निव्वळ सत्त्व. म्हणूनच ती कागदावर ताठ होत नाही आणि पुन्हा ओलावली की सुटते. आम्ही ती शिजवून, गार करून, बारीक चाळणीतून पुन्हा पुन्हा गाळून, पाणी घालून हवी तशी पातळ करतो.

हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्या बाई हसल्या, वही पुढे ओढून लिहून घेतले, आणि मग म्हणाल्या, "फार छान. आता असे सांगा, तुम्ही एखाद्या पानाला ही खळ लावलीत, तर पन्नास वर्षांनी ते पान हाती घेणाऱ्याला हे कसे कळेल?" मी दिल्लीपासून ठेवलेली माझी वही काढली. त्यात प्रत्येक पानाची आधीची स्थिती, नंतरची स्थिती, छायाचित्रे, वापरलेला कागद, खळीचे प्रमाण, तारीख, सही. विश्वस्तमंडळाकडच्या त्या चार वर्षांच्याही अशा सहा वह्या होत्या. बाई त्या वह्या चाळत राहिल्या. सरकारच्या दारात ज्या वर्षांना शून्य मिळाले होते, ती वर्षे या तिसऱ्या दारात मोजली गेली, ती त्या वह्यांमुळे.

तेव्हा मला उमगले की, आरसा मागणे हा आमच्या व्यवसायात अपमान नव्हे. तो आमच्या व्यवसायाचा धर्मच आहे. १९६६ सालच्या नोव्हेंबरात इटलीत फ्लोरेन्स येथे आर्नो नदीला महापूर आला आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयातले लाखो ग्रंथ चिखलात गेले. ते वाचवण्यासाठी निरनिराळ्या देशांतून जाणती माणसे धावली. प्रत्येकाची रीत निराळी, भाषा निराळी. कोणत्या ग्रंथाला कोणी काय केले, हे लिहून ठेवल्याशिवाय गत्यंतर नव्हते. तेव्हापासून ग्रंथसंवर्धनाच्या शास्त्राला आजचे वळण आले, असे जाणकार मानतात. ज्याची नोंद नाही ती दुरुस्ती पुढच्या माणसाला कोड्यात टाकते, हा आमचा पहिला धडा.

आणि आपण कमी, ते शहाणे, असेही कोणी समजू नये. दिल्लीच्या आपल्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९५०च्या सुमारास जीर्ण कागद पातळ पारदर्शक पत्र्यात हातानेच बसवण्याची एक रीत निघाली. त्यासाठी महागडे यंत्र लागत नसे. जगाने तिला भारतीय पद्धत म्हणून ओळखले. त्याच अभिलेखागारातले य. पा. कथपालिया यांचे या विषयावरचे पुस्तक युनेस्कोने १९७३ साली प्रसिद्ध केले. पुढे तो पत्राच कालांतराने खराब होतो आणि काढायला कठीण जातो, असे दिसून आल्यावर ही रीत मागे पडली. कोणत्या दप्तरात ती वापरली आहे याची नोंद जेथे आहे, तेथे आज ते कागद शोधून सांभाळता येतात. जेथे नाही, तेथे अंधारात चाचपडावे लागते.

गेल्या खेपेस आले तेव्हा आपल्यातल्याच एका आजींनी मला विचारले होते, "तू तिकडच्या लोकांचे कागद नीटनेटके करतेस, मग आपल्या पोथ्यांना कोण?" प्रश्न माझ्या मनाला लागला. त्याचे पुरते उत्तर माझ्यापाशी नाही. आपल्या देशात शिकायची सोय नाही, असे म्हणून मी सुटू शकत नाही. लखनौला १९७६ पासून राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचे केंद्र आहे, हस्तलिखितांसाठी २००३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय मोहीम काढली आणि देशभर संवर्धन केंद्रे नेमली. कमी आहे ती या कामाला पगारी हुद्दा देणाऱ्या जागांची. मुली शिकतात आणि मग पाकिटातल्या मानधनावर झाडलोट करतात. त्या बाहेर गेल्या तर त्यांना दोष देण्याआधी आपण त्यांच्या कामाला नाव दिले होते का, हे पाहावे. मी दर खेपेस रजेचे काही दिवस येथल्या घराघरांतल्या पोथ्या पाहण्यात घालवते. ते पुरेसे नाही, हे मला कळते. पण आजींच्या प्रश्नापासून पाठ फिरवायची नाही, एवढे मी ठरवले आहे.

जाता जाता मंडळापुढे दोन विनंत्या ठेवते. पहिली अशी की, आपल्या मंडळात शिवणवर्ग, बालवाडी, पाककला असे जे उपक्रम चालतात, त्यांत काम करणाऱ्या प्रत्येकीला मंडळाने नीट पत्र द्यावे. त्यात ती सुस्वभावी आहे, हे खुशाल लिहा. पण तिने काय काम केले, किती दिवस, किती तास आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे त्याच्या आधी लिहा. शिक्का मारा आणि एक प्रत मंडळाच्या फायलीत ठेवा. उद्या ती साताऱ्यात नोकरी मागायला गेली काय नि सिडनीला गेली काय, ते पत्र तिच्या उपयोगी पडेल.

दुसरी विनंती माझ्या धंद्यातली. मंडळाची जुनी इतिवृत्ते आणि छायाचित्रे कपाटात आहेत, असे मी ऐकले. त्यांना कृपा करून चिकटपट्टी लावू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. पावसाळ्यात आत ओल धरते आणि बुरशी येते. भिंतीला टेकून न ठेवता थोडे अंतर राखून ठेवा, धुतलेल्या सुती कापडात बांधा, आणि वर्षातून एकदा सावलीत उघडून पाहा. कापडाच्या वर एक चिठ्ठी लावा : आत काय आहे, केव्हा उघडले, काय आढळले. हे काम आपल्यापैकी तरुण मुलींनी घ्यावे. त्यांना दोन दिवस शिकवायला मी तयार आहे. आणि शिकून झाल्यावर त्यांना मंडळाने जे पत्र द्यायचे, ते कसे लिहावे हेही सांगेन.